लॅपटॉप अतिशय मंद, प्रोग्रॅम आपोआप बंद पडतात: फॉरमॅट करण्याआधी काय तपासावं?

सायंतारा

नमस्कार. मी पुस्तकांची पानं लावायचं काम करते आणि सगळं काम एकाच लॅपटॉपवर आहे. गेले काही आठवडे त्याने जीव नकोसा केलाय. सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण त्यानंतर बराच वेळ काहीच उघडत नाही. फोल्डरवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते. ब्राउझर पांढरा पडतो आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. इथवर चालवून घेत होते, पण आता प्रोग्रॅमही आपोआप बंद व्हायला लागलेत. वर्ड, पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम, पानं लावायचं सॉफ्टवेअर, काहीही. कधी सकाळभर सुरळीत चालतं, कधी एकामागून एक बंद पडत जातात.

विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. व्हायरससाठी पूर्ण स्कॅन केलं, काही सापडलं नाही. टेम्पररी फाइली उडवल्या, नको ते प्रोग्रॅम काढले. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

सगळे म्हणतात फॉरमॅट कर. पण पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचा सेटअप आता माझ्याकडे नाही. एकदा पुसलं गेलं की परत टाकता येणार नाही. फॉरमॅटने हे खरंच सुटेल का?

पानगळ

बहुतेक वेळा सुटतं. वर्षानुवर्षं प्रोग्रॅम टाकून-काढून विंडोजमध्ये गाळ साचतो. तुम्हाला फॉरमॅट नको असेल तर आधी एखादा चांगला रजिस्ट्री क्लीनर (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगांचा साठा, म्हणजे रजिस्ट्री, साफ करणारा प्रोग्रॅम) चालवून बघा आणि डिस्क डीफ्रॅग करा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावून घ्या.

उंबरठा

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन अनावश्यक गोष्टी बंद करा. आणि ८ जीबी आता कमीच पडते. रॅम वाढवा, फरक लगेच जाणवेल.

लोहचुंबक

सायंताराताई, फॉरमॅट, क्लीनर, डीफ्रॅग, यातलं आज काहीही करू नका. आज एकच करा: ज्या फाइली गेल्या तर काम अडेल त्या बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. चालू पुस्तकांच्या फाइली आधी, फोटो-गाणी नंतर. कॉपी करताना एखाद्या फाइलवर अडकलं तर तिच्यामागे लागू नका, 'स्किप' करून पुढे जा.

हे का सांगतोय ते लिहितो. संगणक नुसता मंद असेल तर कारणं वीस असतात. प्रोग्रॅम नुसते बंद पडत असतील तरी कारणं बरीच असतात. पण दोन्ही एकाच सुमारास सुरू झालं, आणि एकच ठरावीक प्रोग्रॅम नाही तर कुठलाही बंद पडतोय, तर संशय आधी डिस्कवर आणि मग रॅमवर घ्यावा. डिस्क जात असेल तर डीफ्रॅग म्हणजे तिच्याकडून सगळं सामान इकडून तिकडे हलवून घेणं. उरलेला जीवही त्यात जातो.

पानगळ, रजिस्ट्री क्लीनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कुणीच वापरू नये. रजिस्ट्रीत हजारभर निरुपयोगी नोंदी पडून राहिल्या म्हणून विंडोजचा वेग जाणवण्याइतका कमी होत नाही, पण चुकीची एक नोंद उडाली तर प्रोग्रॅम उघडेनासा होतो. मायक्रोसॉफ्टचाही अशा क्लीनरना पाठिंबा नाही.

फाइली उतरल्या की पुढच्या गोष्टी बघून इथे लिहा.

लॅपटॉप अडकलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स टॅबमध्ये 'डिस्क'वर क्लिक करा. तिथले तीन आकडे हवेत: ॲक्टिव्ह टाइम किती टक्के, रीड आणि राइटचा वेग किती, आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती मिलिसेकंद. सीपीयू आणि मेमरीचे टक्केही बघून ठेवा.

मग स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. तिथे दिवसांच्या रकान्यांत लाल फुल्या दिसतील. बंद पडलेल्या एखाद्या प्रोग्रॅमच्या नोंदीवर दोनदा क्लिक केलं की 'एक्सेप्शन कोड' नावाची ओळ असते. तो कोड मुख्यतः शून्यांचा असतो, त्याचा शेवटचा आकडा काय आहे तेवढं सांगा. तीन-चार वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे बघा.

सायंतारा

फाइली उतरवल्या. जवळजवळ सगळ्या आल्या, पण जुन्या एका पुस्तकाच्या फोल्डरमधल्या काही फाइलींवर कॉपी थांबत होती, त्या सोडून दिल्या.

आकडे असे आहेत. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के. रीडचा वेग मात्र अगदीच कमी, सेकंदाला २००-३०० केबीच्या आसपास, मध्येच शून्य. रिस्पॉन्स टाइम सारखा बदलतो, पण ३,००० मिलिसेकंदांच्या वर गेलेलाही पाहिला. सीपीयू ७ टक्के, मेमरी ६० टक्के.

एक्सेप्शन कोडचा शेवटचा आकडा वर्डचा ६, पीडीएफवाल्याचा ६, ब्राउझरचा एकदा ५ आणि एकदा ६.

लोहचुंबक

चित्र बरंचसं स्पष्ट झालं.

डिस्क १०० टक्के कामात आणि वेग मात्र जवळजवळ शून्य, हे नीट बघा. मोठी फाइल कॉपी होत असताना डिस्क १०० टक्के दिसली तर तो आजार नाही, कारण तेव्हा वेगही शंभर एमबीच्या घरात असतो. लहान-लहान फाइली विखरून वाचताना फिरत्या डिस्कचा वेग एक-दोन एमबीपर्यंत खाली येतो, तेही समजण्यासारखं आहे. पण अशा धडधाकट डिस्कला एका मागणीला उत्तर द्यायला साधारण १०-२० मिलिसेकंद लागतात. तुमची डिस्क तीन-तीन सेकंद घेतेय.

त्या वेळात ती काय करते? डिस्कवरचा एखादा सेक्टर (साठवणुकीचा छोटा कप्पा) नीट वाचता आला नाही की ती हार मानत नाही, पुन्हा वाचते, पुन्हा वाचते. तोवर मागच्या सगळ्या मागण्या रांगेत उभ्या. तुम्ही फोल्डर उघडलंत, ब्राउझरला त्याची साठवलेली फाइल हवी, विंडोजला नोंद लिहायचीय, सगळे त्या एका सेक्टरसाठी खोळंबतात. म्हणून सीपीयू रिकामा असूनही सगळं गोठल्यासारखं दिसतं.

आता प्रोग्रॅम का मरतात ते. विंडोज प्रोग्रॅम सुरू करताना तो सगळाच्या सगळा रॅममध्ये आणत नाही. जो तुकडा लागेल तो त्या वेळी डिस्कवरून उचलतो. वर्डमध्ये तुम्ही एखादा मेनू उघडलात, त्या मेनूचा तुकडा डिस्कवर आहे, आणि नेमका तो सेक्टर वाचता आला नाही, तर वर्डला पुढे जायला जागाच नाही. तो तिथेच बंद पडतो. शेवटी ६ असलेला कोड म्हणजे हेच, 'इन पेज एरर': हवं असलेलं पान डिस्कवरून मिळालं नाही. शेवटी ५ असलेला 'ॲक्सेस व्हायोलेशन' सगळीकडेच आढळतो, त्याला पन्नास कारणं असू शकतात, त्यावरून निदान करता येत नाही. पण ६ आणि तोही तीन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे वर्डचा दोष नाही आणि ब्राउझरचाही नाही.

थोडक्यात, मंदपणा आणि क्रॅश हे तुमच्याकडे दोन आजार नाहीत. वाचायला उशीर झाला की मंद, वाचताच आलं नाही की क्रॅश.

पक्कं करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. त्यात डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दिसतात, त्याला स्मार्ट म्हणतात. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी बघा. 'रॉ व्हॅल्यूज'चा रकाना मुळात हेक्समध्ये असतो, म्हणजे तिथे १० लिहिलं असेल तर ते १६ असतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमधून तो दशमानात करून घेता येतो.

उंबरठा

मेमरी ६० टक्केच आहे हे बघितल्यावर रॅम वाढवण्याचा सल्ला इथे लागू नाही हे पटलं. एक विचारतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्येही (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) याच्या नोंदी सापडतात ना?

लोहचुंबक

हो, बरं झालं विचारलंत. विंडोज लॉग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये 'डिस्क' या स्रोताच्या नोंदी शोधायच्या. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरचा खराब भाग. १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. १२९ म्हणजे डिस्क उत्तरच देईना म्हणून तिला रीसेट केलं, पण ती नोंद डिस्कच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाने येते. ७ दिसत असेल तर फार विचार करत बसू नये.

सायंतारा

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर पिवळ्या चौकोनात 'कॉशन' आलं. ०५ मध्ये २४, सी५ मध्ये १८४, सी६ मध्येही १८४, सी७ मध्ये शून्य. आकडे दशमानात करून लिहिलेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ च्या नोंदींची रांगच आहे.

पानगळ

मग 'चेकडिस्क' स्लॅश आर लावून चालवा, ते बॅड सेक्टर बाजूला काढतं. माझ्या एका मशीनवर त्याने काम झालं होतं.

लोहचुंबक

पानगळ, स्लॅश आर काय करतं ते खरंय, पण या डिस्कवर आत्ता ते नको. ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून बघतं. आजारी डिस्कवर हे कितीही तास चालू शकतं आणि त्या घासाघाशीत ती कायमची बंद पडू शकते. शिवाय फाइलींच्या नोंदवहीत गोंधळ दिसला की चेकडिस्क तो 'दुरुस्त' करतं, म्हणजे फाइलसिस्टम सुसंगत करतं. तुमची फाइल वाचवणं हा त्याचा उद्देश नसतो. आधी नक्कल, मग चेकडिस्क, आणि तेही नकलेवर.

ताई, आकड्यांचा अर्थ सांगतो. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. त्या जागी पुढे कधी नवीन काही लिहिलं जाईल तेव्हा डिस्क ठरवते: लिहिणं जमलं तर सेक्टर ठीक, नाही जमलं तर राखीव जागेतला सेक्टर त्याऐवजी लावायचा. असा बदल झाला की ०५ वाढतो. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर. सी७ शून्य आहे म्हणून केबल किंवा जोडणीवर संशय नाही. सी७ वाढत असता तर मी आधी केबल बदलायला सांगितलं असतं, डिस्क नाही.

म्हणजे डिस्क बदलायची. एसएसडीच (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घ्या, क्षमता निदान जुनीइतकी. सॉफ्टवेअरचा सेटअप नसल्यामुळे तुमच्या बाबतीत विंडोज नव्याने टाकण्याऐवजी अख्ख्या डिस्कची नक्कल करणं योग्य. नेहमीचे क्लोनिंग प्रोग्रॅम बॅड सेक्टर आला की अडून बसतात किंवा काम सोडून देतात. अशा डिस्कसाठी 'डीडीरेस्क्यू' वापरावं. ते लिनक्सवर चालतं. लिनक्स इन्स्टॉल करायची गरज नाही, पेनड्राइव्हवरून सुरू होतं. आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडलेले भाग मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर आलो याची 'मॅपफाइल' ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे नेता येतं. मॅपफाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

एकच धोका मोठा आहे. 'कुठून' आणि 'कुठे' या दोन डिस्कची नावं उलटी टाकलीत तर कोरी एसएसडी तुमच्या डिस्कवर लिहिली जाईल. आज्ञा देण्याआधी 'एलएसबीएलके' (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची आज्ञा) चालवून नाव, क्षमता आणि मॉडेल ताडून बघा. क्षमता सारखी असेल तर मॉडेलवरूनच ओळखावं लागतं. आत्मविश्वास वाटत नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. हे घाईने करायचं काम नाही.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

ध्रुवपद

धागा वाचतोय, माझं दुखणं जवळचं आहे म्हणून इथेच विचारतो. माझा डेस्कटॉप मुळीच मंद नाही, एसएसडी आहे, स्मार्ट सगळं 'गुड'. पण प्रोग्रॅम बंद पडतात आणि दर वेळी वेगळे. मोठ्या झिप फाइली उघडताना 'फाइल करप्ट' येतं, तीच फाइल पुन्हा उघडली तर कधी उघडते. विंडोज नव्याने टाकलं तरी फरक नाही.

लोहचुंबक

तीच झिप एकदा करप्ट आणि एकदा चांगली, म्हणजे डिस्कवरची फाइल ठीक आहे, वाचल्यानंतर कुठेतरी बिघडतेय. रॅम तपासा. विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक घाईच्या वेळी बरं, पण त्यात काही सापडलं नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही चूक आली तर ती चूकच. 'एकच तर आली' असं म्हणून सोडायचं नाही.

त्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणारं मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) एक्सएमपी चालू आहे का बघा. चालू असेल तर रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने पळतेय. ते बंद करून पुन्हा टेस्ट घ्या. तरीही चुका आल्या तर एका वेळी एकच रॅम लावून तपासा. दोषी कोणती, की स्लॉटच खराब आहे, ते कळेल.

आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला डेस्कटॉपवाला असेल तर मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करा. त्या पिढ्यांतल्या वरच्या मॉडेलमध्ये व्होल्टेजमुळे अशीच अस्थिरता येत होती, २०२४मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त्या दिल्या. बिघडून गेलेला प्रोसेसर मात्र त्याने सुधारत नाही.

दिवेलागण

माझ्याकडे ४ जीबीचा लॅपटॉप आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी थोडी शिल्लक दिसत असतानाही ब्राउझरचे टॅब मरतात, 'आउट ऑफ मेमरी' येतं. वेग वाढावा म्हणून कुठेतरी वाचून पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती जागा) बंद केली होती. तिचा संबंध असेल का?

लोहचुंबक

थेट संबंध आहे. मेमरीच्या पानावर 'कमिटेड' म्हणून दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ. पहिला म्हणजे प्रोग्रॅमना दिलेलं वचन, दुसरा म्हणजे जास्तीत जास्त किती देता येईल ती मर्यादा. ही मर्यादा म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज. पेजफाइल काढलीत की मर्यादा रॅमपुरतीच उरते. प्रोग्रॅम वापरतात त्यापेक्षा जास्त जागा मागून ठेवतात, त्यामुळे वचनांची मर्यादा आधी भरते. मग रॅम शिल्लक असली तरी नवीन मागणी नाकारली जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. पेजफाइल 'सिस्टम मॅनेज्ड'वर ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. रॅम वाढवण्याचा उंबरठा यांचा सल्ला तुम्हाला मात्र अगदी लागू आहे. मदरबोर्डवरच डकवलेली नसेल तर जरूर वाढवा.

दिवेलागण

चालू केली. टॅब मरायचे थांबले. धन्यवाद.

सायंतारा

उशिरा लिहितेय, पण काम झालं. डीडीरेस्क्यू माझ्या भाच्याला शेजारी बसवून केलं. डिस्कची नावं आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग आज्ञा दिली. पहिला मोठा भाग भराभर गेला, शेवटचे अडलेले तुकडे उचलायला रात्र गेली. काही केबी शेवटपर्यंत आले नाहीत.

एसएसडी लावून लॅपटॉप सुरू झाला तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळं लगेच उघडतंय, रिस्पॉन्स टाइम एक-दोन मिलिसेकंद. पानं लावायचं सॉफ्टवेअरही जसंच्या तसं आहे, जुन्या फाइली त्यात उघडल्या.

पण पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम अजूनही उघडल्या उघडल्या बंद पडतो. आता कोडच्या शेवटी ६ नाही, ५ आहे.

लोहचुंबक

फार बरं वाटलं वाचून. राहिलेला दोष समजण्यासारखा आहे. जे काही केबी आले नाहीत त्यांच्या जागी नकलेत रिकामी जागा आहे, आणि त्यातली थोडी बहुतेक त्या प्रोग्रॅमच्या फाइलीत पडलीय. आता वाचता येतं, पण वाचलेलं चुकीचं आहे. म्हणून कोड बदलला. तो प्रोग्रॅम काढून नव्याने टाका.

विंडोजच्या स्वतःच्या फाइलींतही असं भोक असू शकतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिस्मचं 'रिस्टोअर हेल्थ' चालवा, ते संपलं की 'एसएफसी स्कॅननाऊ'. पहिलं दुरुस्तीसाठी लागणारा साठा नीट करतं, दुसरं त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलतं, म्हणून क्रम असा. त्यानंतर चेकडिस्क स्लॅश एफ, आता ते सुरक्षित आहे.

जुनी डिस्क आणि एसएसडी दोन्ही एकाच वेळी जोडून विंडोज सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं आणि नसता घोळ होतो.

आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉपला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मान्य यादीत असेल तर ११ वर जाता येईल. पण आधी तुमचं ते जुनं सॉफ्टवेअर ११ वर चालतं का हे दुसऱ्या मशीनवर खात्री करून मगच. एसएसडीची एक पूर्ण इमेज, म्हणजे फाइलीच्या रूपातली जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. सेटअप नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी तीच इमेज तुमचा सेटअप आहे.

सायंतारा

डिस्मने काही दुरुस्त केलं, एसएफसीनेही करप्ट फाइली सापडल्या आणि बदलल्या असं सांगितलं. पीडीएफचा प्रोग्रॅम नव्याने टाकला, आता चालतोय. इमेज काढून ठेवली.

एक शेवटचं विचारते. जुनी डिस्क पूर्ण पुसून त्यावर नको त्या फाइली, निदान सिनेमे वगैरे, ठेवता येतील का? पुसल्यावर सी५ शून्य होतो असं वाचलं.

लोहचुंबक

सी५ शून्य होईल, कारण पुसताना प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं आणि त्या १८४ सेक्टरांचा निकाल लागतो. काही ठीक ठरतील, काहींच्या बदल्यात राखीव सेक्टर लागतील आणि ०५ वाढेल. आकडा सुधारलेला दिसेल, पण ज्या कारणाने ते सेक्टर गेले ते कारण डिस्कच्या आत तसंच असेल. पुसू नका, वापरूही नका. अजून काही महिने तशीच बाजूला ठेवा, कारण कॉपी न झालेल्या जुन्या पुस्तकाच्या फाइलींची कधी गरज पडली तर त्या तिच्यातच आहेत. त्यांची खात्री पटली की मग निकालात काढा.

ध्रुवपद

माझ्याकडचंही कळवतो. एक्सएमपी बंद केल्यावरही मेमटेस्टमध्ये चुका येत होत्या. एकेक रॅम लावून बघितली, दोनपैकी एक दोषी निघाली, दोन्ही स्लॉटमध्ये तीच चुका देते. ती काढल्यापासून एकही झिप करप्ट आलेली नाही. वॉरंटीत बदलायला दिलीय.

लोहचुंबक

ध्रुवपद, ती दोषी रॅम लावलेली असताना ज्या फाइली कॉपी केल्या किंवा ज्यांचा बॅकअप घेतला त्या एकदा उघडून बघा. लिहिताना बिघडलेली फाइल आता आपोआप सुधारणार नाही. मूळ प्रत कुठे असेल तर पुन्हा कॉपी करून घ्या.